पानगळीतला चाफा आणि पाण्याचा हिशेब

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा, की मागच्या जूनमध्ये आपण नाशिकजवळच्या घराच्या अंगणात, काळ्या मातीत, रोपवाटिकेतून आणलेला तीन फूट उंचीचा पांढरा चाफा लावला. डिसेंबरात त्याची पाने पिवळी पडून एकेक करून सगळी गळाली, तेव्हा झाड सुकते आहे असे समजून आपण त्याला रोज पाणी आणि दोन वेळा शेणाची स्लरी घातली. आता फेब्रुवारीच्या मध्यात तीनपैकी एक फांदी शेंड्याकडून काळी व मऊ पडली आहे आणि उरलेल्या दोन उघड्याबोडक्या उभ्या आहेत. झाड मेले आहे का, उपटून दुसरे लावावे का, आणि उन्हाळ्यात ते खरोखर फुलावे यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे.

झाड बहुधा मेलेले नाही; ते उपटण्याची घाई करू नये. चाफा हे पानगळीचे झाड आहे आणि डिसेंबरात त्याची पाने गळाली यात काहीही बिघडलेले नव्हते. बिघडले ते त्यानंतर, पाने नसलेल्या झाडाला रोज पाणी मिळाल्यामुळे. गेल्या तीस वर्षांत माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या चाफ्यांपैकी उन्हाने किंवा तहानेने मेलेला एखादाच असेल; बाकीचे सगळे हिवाळ्यातल्या पाण्याने गेलेले होते, आणि ते पाणी घालणारी माणसे झाडावर मनापासून जीव लावणारी होती.

प्रथम उरलेल्या दोन फांद्या आणि मुख्य खोड तपासावे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून खोड जमिनीपासून वरपर्यंत जागोजागी दाबून पाहावे. जिवंत खोड कच्च्या केळ्यासारखे घट्ट लागते. साल थोडी सुरकुतलेली असेल तर त्याची चिंता नको, कारण विश्रांतीच्या काळात साठवलेले पाणी खर्च होत असताना साल किंचित आक्रसतेच. बोट आत रुतले किंवा आतून पोकळ लागले, तर मात्र तिथे कूज आहे. शंका वाटली तर नखाने साल अगदी थोडी खरवडावी. खाली हिरवा थर आणि पांढऱ्या चिकाचा एखादा थेंब दिसला, की ती फांदी जिवंत आहे. या दिवसांत चीक उन्हाळ्यासारखा वाहत नाही, पण दिसतो.

काळी पडलेली फांदी आजच कापावी. धारदार सिकेटर किंवा करवत स्पिरिटने पुसून घ्यावी, काळ्या भागाच्या दोन-तीन इंच खाली काप द्यावा आणि कापाकडे नीट पाहावे. निरोगी फांदीचा छेद कडेला हिरवट आणि आत स्वच्छ पांढरट असतो. मधल्या गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला, तर बाहेरून फांदी कितीही चांगली दिसत असली तरी कूज आतून खाली उतरलेली आहे, असे समजून हत्यार पुन्हा पुसावे आणि आणखी दोन इंच खाली कापावे. छेद पूर्ण स्वच्छ मिळेपर्यंत हेच करत राहावे. इथे हात आखडता घेतला तर महिन्याभरात पुन्हा तीच वेळ येते. चीक थांबून काप कोरडा झाला की त्यावर बोर्डो पेस्ट लावावी. आपल्या भागात द्राक्षबागेमुळे मोरचूद आणि कळीचा चुना कोणाच्याही गोठ्यात सापडतो, तेव्हा ही पेस्ट मिळवणे आपणास अवघड जाऊ नये. कापावर ओले शेण किंवा माती थापण्याची जुनी सवय मात्र चाफ्याच्या बाबतीत सोडून द्यावी, कारण या झाडाची जखम ओलीत भरत नाही, कोरडी राहूनच भरते.

मग बुंध्याजवळची माती चार बोटे खोल बाजूला करून खोडाचा मातीतला भाग दाबून पाहावा. तो घट्ट असेल तर झाड वाचले. तोच मऊ झाला असेल तर मुळे गेली आहेत आणि त्या बुंध्याकडून आता काही होणार नाही. परंतु वरच्या दोन फांद्या घट्ट असतील तर त्यांची छाटकलमे करून तेच झाड पुन्हा उभे करता येते. त्याची रीत पुढे सांगितली आहे. दोन्ही परिस्थितींत पाणी आजपासून बंद करावे, आळे मोडून टाकावे आणि माती मोकळी करून वाळू द्यावी.

चाफा असा का वागतो हे समजले, म्हणजे पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. प्लुमेरिया रुब्रा ही जात मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील. प्लुमेरिया हे प्रजातीचे नाव शार्ल प्लुमिए (1646–1704) या फ्रेंच धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. आपण याला देवचाफा म्हणतो, प्रत्येक देवळाच्या आवारात तो असतो, त्यामुळे तो अनादि काळापासून इथलाच असावा असे वाटते. पण अमेरिका खंडाशी समुद्रमार्गे संबंध आल्यानंतरच, मिरची आणि पेरू यांच्याप्रमाणे, तो आपल्याकडे पोहोचला. संस्कृत साहित्यातला चंपक तो आपला सोनचाफा, आणि त्याचे कुळही वेगळे आहे. हा चाफा कण्हेर, तगर आणि सदाफुली यांच्या कुळातला. ज्या मुलखातून तो आला तिथे काही महिने पाऊस आणि नंतर लांबलचक कोरडा काळ असतो. त्या कोरड्या काळासाठी त्याने दोन उपाय केले आहेत: खोड जाड आणि मांसल करून त्यात पाणी साठवणे, आणि पाणी उडून जाण्याचा मोठा मार्ग असलेली पाने टाकून देणे. पाने गेली की मुळांचे पाणी ओढण्याचे कामही जवळजवळ थांबते. अशा वेळी आपण पाणी घातले तर ते झाड पीत नाही. ते मातीत साचून राहते, मुळांभोवतीची हवा कोंडते आणि बुरशीला राज्य मिळते. त्यात आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची थंडी असते. निफाड परिसरात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो अशा रात्री येतात, आणि ओली माती, थंड रात्र व कोवळा शेंडा एकत्र आले की शेंडा काळा पडतो. आपल्या झाडाचे नेमके हेच झाले असावे.

पाण्याविना चाफा किती काळ राहू शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात पाहायला मिळते. ह्यूस्टन परिसरात चाफ्याचे शौकीन इतके आहेत, की तिथे 1979 साली प्लुमेरिया सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था निघाली आणि चाफ्याच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंद आज तीच ठेवते. तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठते, म्हणून अनेक जण थंडीच्या आधी झाड मुळांसकट उपटतात, माती झटकतात, गॅरेजच्या कोपऱ्यात काटक्यांसारखे उभे करून ठेवतात आणि वसंत ऋतूत पुन्हा लावतात. तीन-चार महिने माती नाही आणि पाणीही नाही, तरी झाड लावल्यावर पालवते. हे ऐकल्यानंतर डिसेंबरात हातात झारी घेण्याची इच्छा कमी व्हावी.

म्हणून पाण्याचा हिशेब कॅलेंडरावर ठेवू नये, पानांवर ठेवावा. देशावर साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून पाने पिवळी पडू लागतात. अर्धी पाने गळाली की जमिनीतल्या झाडाचे पाणी पूर्ण थांबवावे. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये शेंड्याचा डोळा फुगून चकाकू लागतो. पुष्कळदा पानांच्या आधी फुलांचा तुरा बाहेर येतो आणि निष्पर्ण फांदीच्या टोकावर पांढरी फुले दिसतात. तरीही थांबावे. नवी पाने दोन-तीन इंचांची झाली, म्हणजे मुळे कामाला लागली, असे समजून पहिले पाणी द्यावे. त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत कोवळ्या झाडाला पाच ते सात दिवसांनी एकदा, दहा-पंधरा लिटर, मुळांपर्यंत ओल जाईल असे भरपूर पाणी द्यावे आणि मधल्या काळात वरची माती वाळू द्यावी. रोज थोडे थोडे पाणी देणे ही सर्वांत वाईट पद्धत होय, कारण तिने वरचा थर कायम ओला आणि खालचा कोरडा राहतो. जमिनीत तीन वर्षे काढलेल्या झाडाला उन्हाळ्यात पंधरवड्याने एकदा पाणी मिळाले तरी पुरते. जुन्या झाडांना तेही कोणी घालत नाही आणि ती फुलतातच. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत पानगळ उशिरा आणि अर्धवट होते, तेव्हा तिथे हे वेळापत्रक थोडे पुढे सरकते, नियम मात्र तोच राहतो.

आता आपले झाड खरोखर कोणत्या चाफ्याचे आहे, याचीही खात्री करून घ्यावी. पुढच्या वर्षी नवी पाने आली की पानाचे टोक पाहावे. टोकदार, बोटभर लांब देठाचे, काठाशी समांतर शीर असलेले आणि हिवाळ्यात संपूर्ण गळणारे पान म्हणजे प्लुमेरिया रुब्रा. पांढरा-पिवळा, गुलाबी आणि लाल हे सगळे रंग याच जातीत येतात. पानाचे टोक गोलसर, वरची बाजू गडद आणि चकचकीत, व हिवाळ्यातही बरीच पाने टिकून राहत असतील, तर तो प्लुमेरिया ऑबट्यूसा. त्याची फुले शुभ्र असतात, मध्ये पिवळ्याचा लहानसा ठिपका असतो आणि सुवासही चांगला असतो. तिसरा प्रकार अलीकडे रस्त्यांच्या दुभाजकांपासून सोसायट्यांच्या दारांपर्यंत सगळीकडे दिसतो: पान नागाच्या फण्यासारखे किंवा चमच्यासारखे, फुलांचे मोठमोठे पांढरे गुच्छ आणि जवळजवळ बारा महिने बहर. हा प्लुमेरिया प्युडिका. रोपवाटिकांत तो नागचंपा म्हणून विकला जातो, आणि खऱ्या नागचाफ्याशी, म्हणजे नागकेशराशी, त्याचा काही संबंध नाही. तो दिसायला सुरेख आहे, तक्रारी कमी करतो, पण त्याला वास जवळजवळ नाही. सुगंधासाठी चाफा लावायचा असेल तर तो घेऊ नये. माझ्याकडे येणाऱ्या लोकांपैकी कितीतरी जण दोन वर्षे वाट पाहून ‘चाफ्याला वासच येत नाही’ अशी तक्रार घेऊन येतात, आणि खिशातल्या मोबाईलमधला फोटो पाहिला की तो हाच निघतो. थायलंडहून आलेली रंगीत कलमे हौशी माणसाने जरूर लावावीत; मात्र फोटोतला रंग आपल्या उन्हात तसाच उमटेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण चाफ्याचा रंग तापमानाप्रमाणे फिका-गडद होतो. वासाच्या बाबतीत माझे मत विचाराल, तर आपल्या गावदेवीच्या देवळामागचा जुना पांढरा-पिवळा चाफा अजून कोणी मागे टाकलेला नाही.

जागेविषयी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, ऊन आणि निचरा. दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवे. आंब्याच्या किंवा दुमजली इमारतीच्या सावलीत चाफा जगतो, उंच व काटकुळा होतो आणि फुलत नाही. निचऱ्याची गोष्ट आपल्या बाबतीत अधिक गंभीर आहे. कोकणात जांभ्या दगडाच्या उतारावर चाफे कोणी लक्ष न देता शंभर वर्षे उभे राहतात, कारण तिथे कितीही पाऊस पडला तरी पाणी मुळांशी थांबत नाही. काळी माती याच्या अगदी उलट. त्यात दोन-तीन फुटांचा खड्डा खणून तो शेणखत आणि भुसभुशीत मातीने भरला, म्हणजे आपण झाडाची उत्तम सोय केली असे वाटते. प्रत्यक्षात आपण जमिनीत एक हौद बांधलेला असतो. पावसाळ्यात आजूबाजूच्या घट्ट मातीतले पाणी त्या मोकळ्या मिश्रणात उतरते आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. मी सुरुवातीच्या वर्षांत एका बंगल्याच्या कुंपणालगत वीस चाफे असेच खड्डे भरून लावले होते. पहिला पावसाळा त्यांनी काढला, दुसऱ्याच्या शेवटी अकरा बुंध्यातून आडवे झाले. उपटून पाहिले तेव्हा खड्ड्याच्या तळाशी नोव्हेंबरातही चिखल होता.

त्यामुळे काळ्या मातीत चाफा खड्ड्यात लावू नये, उंचवट्यावर लावावा. चार-पाच फूट व्यासाचा आणि दीड फूट उंचीचा ढीग करावा. त्यात एक भाग तिथलीच माती, एक भाग बारीक मुरूम आणि एक भाग जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण असावे. ढिगाखालची जमीन कुदळीने फक्त उकरून घ्यावी, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळतात. कडेला दगड लावले की ढीग पावसात ओघळत नाही आणि दिसतोही छान. आपले झाड आज लहान आहे, पाने नाहीत आणि पालवी फुटायला दोन-तीन आठवडे आहेत. चाफा हलवण्यासाठी याहून चांगली वेळ वर्षभरात येत नाही. बुंधा घट्ट निघाला तर मुळांच्या गड्ड्यासह झाड उचलावे, कुजलेली काळी मुळे कापून टाकावीत, दोन दिवस सावलीत कोरडे होऊ द्यावे आणि मग उंचवट्यावर, पूर्वी जितके मातीत होते तितकेच खोल बसवावे. शेजारी काठी रोवून सुतळीने सैल बांधावे. पाणी लगेच घालू नये. हे वाचताना जड जाईल, पण पाने येईपर्यंत वाट पाहावी. भिंतीपासून पाच-सहा फूट अंतर पुरेसे आहे. मुळांनी पायाला धोका पोहोचवण्यातले हे झाड नव्हे, मात्र फांद्या आडव्या पसरतात.

फुलांचा हिशेब समजून घेणे हा या झाडाच्या संगोपनातला सर्वांत रंजक भाग आहे, आणि नाशिककडच्या माणसाची इथेच गफलत होते. द्राक्षाच्या वेलीवर ऑक्टोबरमध्ये छाटणी केली, की त्याच नव्या फुटीवर घड दिसतात. त्यामुळे छाटले की फुलते, हा संस्कार हातात बसलेला असतो. चाफ्याचे तसे नाही. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या अगदी टोकाला येतो, आणि तो आला की त्या फांदीची सरळ वाढ तिथेच संपते. मग टोकाच्या खालून दोन किंवा तीन नवे फाटे निघतात, ते वाढतात, पक्के होतात आणि पुढे त्यांच्या टोकांना फुलोरे येतात. म्हणजे झाडावर जितकी पक्की टोके, तितके फुलोरे. फेब्रुवारीत कापलेल्या फांदीवर नवे फाटे फुटतील, परंतु त्या उन्हाळ्यात ते बहुधा फुलणार नाहीत, त्यांची फुले पुढच्या वर्षी मिळतील. सगळे झाड एकदम छाटणाऱ्याच्या वाट्याला म्हणूनच एक संपूर्ण उन्हाळा फुलांविना येतो.

याचा फायदाही करून घेता येतो. मोकळे सोडले तर पांढरा चाफा वीस फुटांपर्यंत जाणारा छोटा वृक्ष होतो. अंगणात त्याला सहा-आठ फुटांचे भरगच्च झुडूप म्हणून ठेवायचे असेल, तर लहानपणीच थोडी छाटणी करावी. पहिल्या-दुसऱ्या वर्षी एखादी सरळसोट वाढणारी फांदी दोन फुटांवर कापली, की तिला तीन-चार फाटे फुटतात आणि टोके वाढतात. पुढे झाड मोठे झाल्यावर दर वर्षी एक-तृतीयांश फांद्याच छाटाव्यात, त्याही फेब्रुवारीत, पाने नसताना आणि हवा कोरडी असताना. उरलेल्या दोन-तृतीयांशांवर त्या उन्हाळ्यात फुले येतात. पावसाळ्यात छाटणी करूच नये. आपल्या झाडाची एक फांदी आता नाइलाजाने कापली जाणार आहे, तिच्या जागी येणारे फाटे हे पुढच्या वर्षीचे भांडवल समजावे.

छाटलेल्या निरोगी फांद्या फेकू नयेत, कारण चाफ्याइतके सोपे छाटकलम दुसऱ्या कुठल्या फुलझाडाचे नाही, फक्त घाई करता कामा नये. अंगठ्याएवढी जाड, साल करडी झालेली, फूट-दीड फूट लांबीची फांदी घ्यावी; कोवळी हिरवी फांदी कुजते. ती सावलीत, हवेशीर जागी, आठ ते पंधरा दिवस नुसती ठेवून द्यावी. कापावर कोरडी खपली धरली पाहिजे, हाच सगळ्या कामाचा गाभा आहे. ताजी फांदी चीक वाहत असताना मातीत खोचली की दहापैकी निम्म्या कुजतात. खपली धरल्यावर अर्धी जाड वाळू आणि अर्धे कोकोपीट किंवा हलकी माती भरलेल्या आठ इंचांच्या कुंडीत तीन-चार इंच खोल लावावी, हलू नये म्हणून काठीला बांधावी, एकदाच पाणी द्यावे आणि कुंडी गरम, उजेडाच्या जागी ठेवावी. नंतर माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी देऊ नये. तीन आठवड्यांत टोकाला पाने दिसू लागतात आणि सगळेजण खूश होतात. पण ती पाने खोडातल्या साठ्यावर आलेली असतात, मुळे अजून नसतात. मुळे धरायला सहा ते आठ आठवडे लागतात. फांदी उपटून पाहण्याचा मोह आवरावा. पाने तळहाताएवढी मोठी होऊन ताठ राहिली, म्हणजे मुळे आली. कधी कधी मुळांविना ठेवलेल्या फांदीलाच फुले येतात. ती कौतुकाने पाहावीत आणि खुडून टाकावीत, कारण साठ्याची ती उधळपट्टी असते.

बियांपासूनही चाफा येतो. क्वचित शिंगांसारख्या जुळ्या शेंगा धरतात, त्या पिकायला आठ-नऊ महिने लागतात आणि आत पंख असलेल्या चपट्या बिया असतात. रोप सहज उगवते, पण फुलायला तीन वर्षे किंवा अधिक लागतात आणि फूल आईसारखेच येईल याची खात्री नसते. शेंगा इतक्या कमी का धरतात, याचे उत्तर त्याच्या सुगंधात दडलेले आहे. चाफ्याचा वास तिन्हीसांजेनंतर वाढतो, तो रात्री फिरणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो. पतंग मधाच्या आशेने फुलात सोंड घालतो, फुलात मध नसतोच, आणि या फसवणुकीत जे काही परागीभवन होईल तेवढेच. आपल्यासाठी यातला उपयोगाचा भाग असा, की झाड फाटकाजवळ लावण्यापेक्षा जिथे रात्री जेवणानंतर आपण बसता त्या ओसरीजवळ, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून लावावे.

खताबाबत थोडक्यातच सांगतो. नवी पाने आल्यावर मार्च-एप्रिलमध्ये कोवळ्या झाडाला पाच किलो कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, जूनच्या सुरुवातीला पुन्हा तेवढेच, आणि ऑगस्टनंतर काही नाही. युरिया किंवा वारंवार दिलेली स्लरी यांमुळे पाने हातभर होतात आणि फुले येत नाहीत. शिवाय उशिरा दिलेल्या खताने फुटलेली कोवळी वाढ थंडीत सर्वांत आधी काळी पडते. हिवाळ्यात आपण घातलेल्या दोन स्लऱ्यांनी नेमके हेच वाढवले असणार.

रोगांपैकी तांबेरा आपणास निश्चित भेटेल. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानाच्या खालच्या बाजूला हळदी-नारिंगी पूड दिसते, वर पिवळे-तपकिरी ठिपके पडतात आणि पाने वेळेआधी गळू लागतात. दिसायला भयंकर असले तरी याने प्रौढ झाड मरत नाही. गळलेली पाने रोज गोळा करून जाळावीत किंवा दूर पुरावीत, ती खतखड्ड्यात टाकू नयेत. पानांवर पाणी मारू नये, आणि झाड दाट झाले असेल तर फेब्रुवारीत आतल्या बारीक फांद्या काढून वारा खेळू द्यावा. लहान रोपांवर, पाऊस उघडला असता आणि ऊन कडक नसताना, पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारले तर पुष्कळ आटोक्यात येतो. दुसरा उपद्रव पिठ्या ढेकणाचा. पानांच्या देठांशी आणि शेंड्यात पांढरा कापूस दिसला, मागोमाग मुंग्यांची रांग दिसली, की जोराच्या पाण्याच्या धारेने तो धुऊन काढावा आणि नंतर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून फवारावे. पपईवरचा पिठ्या ढेकूण चाफ्यावरही येतो. तो 2008 च्या सुमारास तमिळनाडूत आढळला, महाराष्ट्रातही पसरला आणि 2010 साली परदेशातून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाशीने बराच आवरला गेला. या माशीसारखे मित्रकीटक आपल्याही अंगणात असतात, म्हणून जहाल कीटकनाशकाला पहिल्या दिवशी हात घालू नये.

चिकाची काळजी मात्र घ्यावी. तो कातडीला लागला तर काहींना खाज सुटते, डोळ्यात गेला तर त्रास होतो. छाटताना हातमोजे आणि चष्मा असावा, लहान मुलांना फांद्या मोडू देऊ नयेत. तसेही चाफ्याची फांदी कोणाचे वजन पेलत नाही, गाजरासारखी कटकन मोडते.

गच्चीत कुंडीत लावायचा विचार असेल तर सोळा इंचांची, तळाला मोठी भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी आणि खालची ताटली काढून टाकावी. कुंडीतल्या झाडाला हिवाळ्यात महिन्यातून एकदा, तेही खोड फारच सुरकुतले तर, पेलाभर पाणी पुरते.

आपल्या झाडाच्या बाबतीत पुढचे दीड-दोन महिने हातावर हात ठेवून बसण्याचेच आहेत. आठवड्यातून एकदा खोड दाबून पाहावे, दुसरे काही करू नये. एप्रिलच्या मध्यापर्यंत शेंड्याचा डोळा फुगला नाही, पण खोड घट्ट आहे, असे दिसले तरी उपटू नये; हलवलेली झाडे कधी कधी मेपर्यंत झोपून राहतात. यंदाचा उन्हाळा बहुधा फुलांविना जाईल. जूनच्या पहिल्या पावसाआधी उंचवट्याच्या कडेचे दगड पुन्हा घट्ट बसवून घ्यावेत आणि पाणी कोणत्या बाजूने वाहून जाते, ते पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन एकदा प्रत्यक्ष उभे राहून पाहावे.